कोऱ्या साडीची घडी

मी सांगली सोडली त्या दिवशीही आई धंद्यावर जाऊन आली होती. मुंबईची गाडी लागली तरी तिचा पत्ता नव्हता. मग स्टँडच्या फाटकातून डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत पातेली, पातेल्यांखाली लोकांच्या पँटी, आणि सगळ्यांत वर दुकानाच्या पिशवीत एक मरून स्वेटर.

"कुणाच्या अंगातला न्हाई," ती म्हणाली. "घडी तूच मोड."

हे वाक्य कळायला आमचं घर माहीत असावं लागतं. आई बोहारीण. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलचं भांडं द्यायचं. ते कपडे आम्ही धुवायचो, उसवलेलं शिवायचो, आणि ती ते जुन्या बाजारात विकायची. जे विकलं जात नसे ते आमच्या अंगावर. बाप मी रांगत असतानाच निघून गेला होता. शाळेत एका मुलीनं माझ्या अंगावरचा फ्रॉक ओळखला आणि भर वर्गात सांगितलं की याचं बटण माझ्या आजीनं लावलंय. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली तेव्हाही काळ्या गाऊनच्या आत कुणाच्या तरी सुनेचा ड्रेस होता. आमच्या घराण्यातली ती पहिली डिग्री. कुणाच्या अंगातली नव्हती.

आईचं एकच मागणं असायचं. "जित्तेपणी ऱ्हाऊ दे, मेल्यावर तरी मला कोरं नेसवा."

इंग्लंडात मिल्टन कीन्सला नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत मी तिला साडी घेऊन गेले. जांभळी, मोरपंखी काठांची, रेशमी. तिनं हात फिरवला आणि पेटीत ठेवली. धंद्यावर कुठं नेसू म्हणाली. मला न्यायच्या दिवशी काढा.

तो दिवस आला तेव्हा मी इथे ऑफिसात होते. विमान मिळेपर्यंत मामानं सगळं उरकलं होतं. मी फोनवर एवढंच विचारलं की कोणती साडी नेसवली. तो म्हणाला, "गाठोड्यातली होती की एक चांगली. जळायचीच हुती, नवी कशाला घालवायची?"

म्हणजे माझी आई कुणाच्या तरी उतरलेल्या साडीत गेली. पेटीतली जांभळी कुठे गेली ते पुढच्या दिवाळीला कळलं. फॅमिली ग्रुपवर फोटो आला, मामी फराळाचं ताट धरून उभी, अंगावर जांभळी साडी, मोरपंखी काठ. मी लिहिलं, मामी, ती आईची आहे. उत्तर आलं, "आक्कांनी मलाच दिलेली. शेवटाला तू हुतीस का इथं?"

या प्रश्नावर मी आजही उत्तर देणार नाही. जे गाव सोडून आलेत त्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. जे मागे राहिलेत त्यांना तो विचारायला फार सोपा जातो.

त्याच दिवशी मराठी मंडळाच्या एक ताई दारात आल्या. दिवाळीनिमित्त इंडियात पाठवायला जुने कपडे गोळा करत होत्या, चांगल्या कंडिशनमधले. मी दार लावून घेतलं. त्यांनी नंतर सगळीकडे सांगितलं की ही बाई उद्धट आहे. आहेच.

लान शेजारच्या घरात राहते. तीही माझ्यासारखी टेस्टिंग इंजिनिअरच, चीनच्या उत्तरेकडच्या कोळशाच्या मुलुखातली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले तर किचनच्या टेबलावर कागदाची पँट कापत बसली होती. दोन कागदांमध्ये कापसाचा थर, कडेनं गोंद. आपल्या दिवाळीच्या अमावास्येला लागून चिनी पंचांगातल्या दहाव्या महिन्याचा पहिला दिवस येतो. तिच्याकडे त्या दिवशी मेलेल्यांना थंडीचे कपडे पाठवतात. कागदाचे शिवायचे आणि जाळायचे. तिच्या गावात कापूस लागतोच, कारण थंडी हाडात शिरते. तिचा नवरा दक्षिणेकडचा, त्यानं या सणाचं नावही लग्नाआधी ऐकलं नव्हतं. तो म्हणतो, आमचे पूर्वज उन्हाळ्यात जेवून जातात, त्यांना कोट लागत नाही.

मी विचारलं, कपडे कोरेच लागतात का? तिनं माझ्याकडे बघितलं. जुने कोण पाठवेल, म्हणाली.

मी गाडी काढली आणि जाऊन जांभळ्या कागदाचे रोल आणले. दुकानात ख्रिसमस आधीच आला होता, साधा जांभळा मिळेपर्यंत चार दुकानं झाली. आई नऊवारी नेसायची, म्हणून नऊ वारच जोडला. काठ मोरपंखी क्रेप पेपरचे. लाननं कापूस पुढे केला. मी म्हटलं, सांगलीत नको. मग वाटलं, ती आता सांगलीत कुठे आहे. पदरात थोडा घातला.

कबर दूर असेल तर हे चौकात जाळायचं असतं, आणि मिल्टन कीन्समध्ये चौक सापडत नाही. जिकडे तिकडे राउंडअबाउट. लान पहिल्या वर्षी अशाच एका राउंडअबाउटवर गेली होती. तिच्या आईनं फोनवर तिची खरडपट्टी काढली की अशानं बाप गोल गोल फिरत राहील. तेव्हापासून ती घरांमागे जाते, जिथे दोन रेडवे, म्हणजे चालण्या-सायकलींचे लाल रस्ते, एकमेकांना छेदतात.

साडेचारलाच अंधारलं होतं. तिनं खडूनं दोन वर्तुळं काढली. प्रत्येकाला घराच्या दिशेनं एक फट ठेवायची, म्हणजे ज्याचं आहे तोच आत येतो. तिची फट तिच्या गावाकडे, माझी मी मोबाइलवर बघून सांगलीकडे ठेवली. आत केकचा जुना ट्रे. मग ती म्हणाली, थोडा कागद वर्तुळाबाहेर टाक, ज्यांना कुणी देत नाही त्या भुतांसाठी, नाहीतर ती आतलं ओढतात.

आतलं ओढणारी मला माहीत होती. मी कागदाची चिंधी बाहेर टाकली आणि मामीचं नाव घेतलं. कोण ही, लाननं विचारलं. मी सांगितलं, तशी ती घाबरली.

"जिवंत आहे ना ती? जिवंत माणसाचं नाव नाही घ्यायचं. परत घे."

मी घेतलं नाही.

साडी पेटत होती तेवढ्यात कुत्रा घेऊन एक म्हातारा आला. आधी गोड आवाजात सगळं ठीक आहे ना विचारलं. मग म्हणाला, तुम्ही लोक इथे हे करू शकत नाही, मी कौन्सिलला कळवतो. लान माफी मागायला लागली. मी तिला गप्प केलं.

"कळवा," मी इंग्रजीत म्हटलं. "पण मी माझ्या आईला साडी नेसवतेय. तोवर तिकडे तोंड करा."

का कुणास ठाऊक, त्यानं केलं. काठ जळून राख होईपर्यंत पाठ फिरवून, पुटपुटत उभा राहिला. मग निघून गेला. कौन्सिलचं पत्र काही आलं नाही.

घरी कधी येतेस, असं अजून सांगलीहून कुणी कुणी विचारतं. ज्या घरात आईची पेटी उघडली गेली त्याला मी घर म्हणत नाही. जिथे तिच्यासाठी फट ठेवलेलं वर्तुळ दरवर्षी काढते, तो दोन लाल रस्त्यांचा चौक माझं घर. मामीनं ती साडी खुशाल फाटेपर्यंत नेसावी, आता ती आईची उतरलेली आहे.

माझ्या आईच्या अंगावर कोरी साडी आहे. घडी तिनंच मोडली.