पाटावरचा फॉरवर्ड

फुटबॉल मी आयुष्यात एकदाच खेळलो, आमच्या जोहे गावच्या शेतात, भातकापणी झाल्यावर. पळता येत नाही म्हणून मला गोलमध्ये उभं केलं होतं. बॉल माझ्या पोटावर आपटून परत गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्या भांडवलावर मी पुढची कित्येक वर्षं जगातल्या मोठमोठ्या संघांना सल्ले देत आलो आहे.

माझा मेहुणा माझ्यासारखाच जाणकार. तो राहतो रोह्याला, कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमी गावात, आणि नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत. आमचा पेणजवळ गणपतीचा कारखाना. वर्ल्ड कप येतो नेमका आमच्या हंगामात, त्यामुळे रोज सकाळी कामगारांच्या आधी कारखान्यात त्याच्या फोनवरून वाद हजर असायचा.

मी छोट्या पासांचा माणूस. या पायातून त्या पायात, बॉल जमिनीवर, घाई नाही. मेहुण्याला हे बघवत नसे.

"भावोजी, हे काय हळदीकुंकू हाय? तू घे, नको, आधी तू घे. अरे, गोल कुठे हाय ते तरी बघा."

"आणि तुझे लोक? बॉल वर भिरकवायचा आणि माना वर करून बघत बसायचं."

"कंपनीत माल ह्या टाकीतनं त्या टाकीत फिरवत बसलो तर मॅनेजर घरी पाठवेल. माल बाहेर पडला पायजे."

अशाच एका वर्ल्ड कपच्या वर्षी, एका रविवारी तो पाट घेऊन आला. आमच्याकडे तशी पद्धत आहे. गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून ठेवतं, त्याच पाटावर मूर्ती बसते आणि चतुर्थीला पाटासकट घरी जाते. आमचं लग्न झालं त्या वर्षापासून माझ्या सासुरवाडीचा पाट आमच्याकडे येत होता. आणि त्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी माझी बायको करायची. आमच्याकडे आल्यावर ती हे काम शिकली, आणि माहेरच्या गणपतीच्या डोळ्यांना तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तर पाट खाली ठेवला आणि आदल्या दिवशीच्या मॅचवरून सुरू झालं. तोंडाने पटेना म्हणून मेहुण्याने पाट आडवा घेतला आणि म्हणाला, "हे ग्राउंड." फळीवर साच्यातून काढलेले शाडूचे उंदीर सुकत होते. मी माझे उंदीर मांडले, जवळ जवळ, एकमेकांच्या शेपटीला लागून. त्याने त्याचे मांडले. मूर्तीच्या दागिन्यांतला एक मोती बॉल झाला. त्याचा फॉरवर्ड पाटाच्या पार टोकाला, कोपऱ्यात. तो कलंडू लागला तशी त्याने बोटभर ओली माती घेऊन त्याला तिथे चिकटवून टाकलं.

"ह्यो इथनं हलणार नाय," तो म्हणाला.

बायको कोपऱ्यात ब्रश धूत होती. "तुमच्यातल्या कोणी कधी गोल केलाय काय?" असं तिने विचारलं. आम्ही दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं.

माझ्या उंदरांनी मोती फिरवत फिरवत पाटाच्या मध्यापर्यंत आणला. मेहुण्याने एका टिचकीत तो टोकाला पाठवला. तो पाटावरून घरंगळत सरळ रंगाच्या डब्यात पडला. मी हसलो. हसलो तिथवर ठीक होतं. पण मी म्हणालो, "पायात बॉल ठेवता येत नाही तेच असं खेळतात. रोह्याला डोक्याचं काम कमीच."

तो उठला, पाट तिरका केला, उंदीर गोणपाटावर ओतले, पाट गाडीच्या पुढ्यात उभा घेतला आणि गेला.

आमच्या धंद्यात पाट रिकामा परत जाणं म्हणजे एक घर गेलं. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडून असा पाट गेला नव्हता. दुपारी बायकोने जेवायला वाढलं. "लहान लहान घास घ्या," म्हणाली, "तुम्हाला आवडतं तसं." संध्याकाळी मात्र तिचा आवाज उतरला. "यंदा माहेरच्या गणपतीचे डोळे कोणी तरी दुसरंच आखेल."

दुसऱ्या दिवशी मी एसटी पकडली. माफीची वाक्यं नागोठण्यापर्यंत तयार होती, रोहा येईपर्यंत त्यातली निम्मी मीच खोडली होती. अष्टमीत घरात शिरलो तर पाट भिंतीला टेकून उभा, आणि त्याच्या कोपऱ्यात तो उंदीर. चिकटवलेला, सुकलेला, पेणहून गाडीवर बसून आलेला.

सासूबाई चहा ठेवता ठेवता मुलाला सुनावत होत्या. "गणपतीला पाट नेलास आन् उंदीर घेऊन आलास. त्याला एकट्याला काय पुजायचं?"

मेहुणा माझ्याकडे न बघता म्हणाला, "भावोजी, हा तुमचा माल हाय. घेऊन जा."

"पाटासकट नेतो," मी म्हणालो. "रोह्याचं ते मी उगाच बोललो."

"ते बोललातच. पण उंदीर तिथनं काढायचा नाय."

"अरे, मूर्ती कुठे, तो कुठे? लोक काय म्हणतील?"

"नाय काढायचा."

सासूबाईंनी कप पुढे केला. मी चहा घेतला आणि पाटही घेतला.

चतुर्थीला रोह्याच्या घरात गणपती बसला मागे आणि उंदीर पार पुढच्या कोपऱ्यात, एकटा. दर्शनाला येणारा प्रत्येक जण विचारायचा, हा असा लांब का. मेहुणा शांतपणे सांगायचा, "पुढे थांबलाय. पास येणार हाय." मग मी मूर्तीकडे नीट बघितलं. दर वर्षी समोर बघणारे डोळे यंदा किंचित कोपऱ्याकडे वळले होते, पास द्यायच्या आधी खेळाडू बघतो तसे. बायको माझ्या शेजारीच उभी होती आणि आरतीचं ताट फार लक्ष देऊन पुसत होती.

म्हणजे माझ्या घरातलं एक मतही मेहुण्याकडे गेलं. नैवेद्य झाल्यावर माझ्या वाटणीचा मोदक मी गुपचूप पाटावर ठेवला, गणपती आणि उंदीर यांच्या बरोबर मधोमध.

मेहुण्याने पाहिलंच. "भावोजी, हा कोण?"

"मिडफिल्डर. आता दोन छोटे पास झाले."

त्याने मोदक उचलला आणि खाऊन टाकला.