कशातून कशात

माझ्या मावशीने डोळ्यांच्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीमागे अर्धं आयुष्य काढलं. नाव? पत्ता? सोबत कोण? जुना माणूस आला तरी संगणकावरचा फॉर्म कोराच उघडायचा आणि तिला सगळं पुन्हा विचारावं लागायचं. एक म्हातारे घड्याळजी दर खेपेला ‘पत्नी’ या रकान्यापाशी थांबायचे. मग म्हणायचे, “नाही आता.” मावशी घाईघाईने पुढच्या रकान्याकडे वळायची.

त्या एका रकान्यासाठी ती पायथॉन ही संगणकाची भाषा शिकली. “या वयात अजगर पाळतेस?” नावाचा अर्थ धरून काका हसायचे. ती शिकत राहिली. अखेर दवाखान्याच्या संगणक विभागात तिला खुर्ची मिळाली, पण अटीवर. साठवलेल्या नोंदीतून फॉर्म आपोआप भरून दाखवायचा, नाहीतर परत खिडकीत.

चाचणीच्या दिवशी ती चष्मा घरी विसरली. मी तो घेऊन गेले, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पडद्यावरचा फॉर्म कोरा होता. त्याहून वाईट म्हणजे, चाचणीपुरता बनवलेला खोटा रुग्णही नोंदीतून पुसला गेला होता.

शेजारच्या टेबलावरच्या बडबड्या सहकाऱ्याला सगळे टकळी म्हणत. तो म्हणाला, “मावशी, पेशंट बरा करायचा होता. तुम्ही नाहीसाच केलात!”

“तू गप रे.” ती माझ्याकडे वळली. “हे बघ. हा पेशंटचा ऑब्जेक्ट. त्यात नाव, पत्ता, सगळं आहे. हा फॉर्म. मी लिहिलंय, भर. मग मेला भरत का नाही?”

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला येतं ते व्याकरण. “भर म्हणजे कशातून कशात? पंचमी कुणाला लावलीस आणि सप्तमी कुणाला?”

तिने चष्मा चढवला आणि ओळीवर बोट ठेवलं. “फॉर्ममधून... ऑब्जेक्टमध्ये.” बोट तिथेच थबकलं. “अगं बाई! फॉर्मचा कोरेपणा मी नोंदीत ओततेय!”

ती ओळ फॉर्म जमा करतानाची होती. तिने ती तिच्या जागी नेली आणि फॉर्म उघडतो तिथे ऑब्जेक्ट त्याच्या हाती दिला. रकान्याचं नाव ऑब्जेक्टमधल्या नावाशी जुळलं की माहिती आपणहून येऊन बसते, असं ती पुटपुटत होती. खोटा रुग्ण पुन्हा नोंदवला. फॉर्म उघडला. रकाने भरलेले! टकळीची टकळी बंद.

विभागाच्या मोठ्या बाईंचं तेवढ्यावर भागेना. “खाली खिडकीत चला. खरा माणूस येऊ दे.”

त्या दिवशी घड्याळजींची तपासणी होती. चाचणीसाठी मावशीने हाच दिवस मागून घेतला होता. ते आले आणि सवयीने प्रश्नाची वाट बघत उभे राहिले. मावशीने पडदा त्यांच्याकडे वळवला.

“सगळं बरोबर आहे ना, एवढं बघा.”

डोळे बारीक करून ते वाचत गेले. त्या रकान्याशी थांबले, पण काही बोलावं लागलं नाही.

“म्हणजे लक्षात ठेवलंत तर. मग आता मी बोलायचं काय?”

“आत जा आणि भिंतीवरची अक्षरं वाचा. मोठ्याने!”

ते खो खो हसले. त्या खिडकीपाशी त्यांचं हसू मावशीने प्रथमच ऐकलं.

मोठ्या बाई जाता जाता म्हणाल्या, “वरची खुर्ची तुमचीच हो. कुणाला बसू देऊ नका.”

मावशीने तिथूनच काकांना फोन लावला.

“ऐकलंत का? अजगर माणसाळला!”