बेन्यातची बोटं

बेन्यात लारेगी मेंढपाळाच्या घरचा. खांदे इतके रुंद की गावातले म्हणत, हा दारातून तिरका होऊनच आत येतो. मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच नदीकाठच्या शहरातल्या व्यावसायिक रग्बी क्लबने त्याला उचललं, आणि पुढे कितीतरी हंगाम तो त्यांचा हुकर होता. हुकरची कामं दोन. स्क्रमच्या रेटारेटीत मधोमध मान घालायची, आणि चेंडू मैदानाबाहेर गेला की रेषेवर उभं राहून तो आत फेकायचा. आत दोन्ही संघांच्या रांगा शेजारी शेजारी उभ्या असतात. आपला उंच गडी सोबत्यांच्या हातांवर वर उचलला जातो, आणि चेंडू नेमका त्याच क्षणी त्याच्या पंजात पोहोचावा लागतो.

बेन्यातची मान भक्कम होती. दगा दिला बोटांनी.

फेब्रुवारीतला सामना अगदी संपत आला होता. जिंकायला एकच चढाई हवी होती. त्याने चेंडू डोक्यामागे नेला आणि बोटं उघडेचनात. उघडली तेव्हा चेंडू वाकडा गेला, समोरच्यांनी तो अलगद घेतला. सामना गेला. सोबती म्हणाले, असं होतं एखाद्या वेळी.

पुढच्या सामन्यात पुन्हा तेच झालं. तेव्हापासून सामन्याच्या सकाळी बायको माइतेना त्याच्यापुढे मिरच्या घातलेलं अंड्याचं ताट ठेवी, तो काट्याने नुसतं चिवडत बसे.

"बरं नाही का?" ती विचारी.

"भूक नाही."

सुट्टीच्या दिवशी तो गावी जाई. चौकातल्या पेलोटाच्या, म्हणजे भिंतीवर चेंडू मारायच्या खेळाच्या, भिंतीवर खडूने खूण करून तिच्यावर चेंडू फेकत राही. एकही चुकत नसे. बाकावर पत्ते खेळत बसलेल्या बापाने, त्याच्या आइताने, एकदा मानही वर न करता म्हटलं, "भिंत बरी रे. तिच्या डोळ्यांत बघावं लागत नाही."

"आइता, तू आपले पत्ते बघ," बेन्यात म्हणाला. पण पुढचा चेंडू फेकण्याआधी त्याने तळवे पँटला पुसले.

मग त्याने पळवाट काढली. रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या गड्याकडेच तो जवळचा चेंडू देऊ लागला. दोन-तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना ते कळलं. रांगेत मागच्या टोकाला उचलला जाणारा शिमुन, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या शेजारी येऊन बसला.

"मी मागे उभा राहून कबुतरं मोजत असतो, माहीत आहे ना तुला?"

"वारा फार होता."

"या खोलीत तर वारा नाही. इथे खरं बोल."

बेन्यातने बुटाची नाडी सोडवली. "बोटं सुटत नाहीत रे," तो म्हणाला. "का, ते मलाही कळत नाही."

हंगामाचा शेवटचा सामना हरला तर क्लब खालच्या विभागात जाणार होता. आदल्या दिवशी तो प्रशिक्षक कांपान यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मला खेळवा. पण फेकायला लावू नका."

"मग कोण फेकणार? माझी सासू?" कांपान हसले. मग त्याच्याकडे नीट पाहून थांबले. "कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"आणि सांगतोयस आज."

दुसऱ्या दिवशी फेकायला दुसराच खेळाडू गेला आणि बेन्यात रांगेत उभा राहिला. प्रेक्षकांतून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, "काय लारेगी, हात घरी विसरलास?" त्याने कान बंद केले आणि सगळी भीती, सगळी लाज स्क्रममध्ये रेटली. फेकणाऱ्याचेही निम्मे चेंडू वाकडे गेले. तरी एका पेनल्टीवर क्लब तरला.

उन्हाळ्यात कांपाननी त्याला कॉफीला बोलावलं आणि करार वाढवणार नाही, असं अवघडून सांगितलं. बेन्यातला ते ठाऊक होतंच. शिमुन मात्र त्याच्याहून जास्त चिडला.

आता तो सकाळी मेंढ्यांचं दूध काढतो आणि रविवारी गावच्या संघात प्रॉप म्हणून, म्हणजे स्क्रममध्ये हुकरच्या शेजारी मान घालणारा म्हणून, खेळतो. प्रॉपला फेकावं लागत नाही. पहिल्याच सामन्यात रेषेजवळ चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी आला. त्याने तो उचलला आणि तापलेलं भांडं द्यावं तसा घाईघाईने हुकरच्या हातात दिला. मग रांगेत जाऊन आपल्या उंच गड्याच्या मांड्यांना घट्ट हात घातला, आणि इशारा मिळताच त्याला वर उचललं.