पडद्यावरची होडी

कन्नड सिनेमातली समुद्रकाठची गावं मला इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात भेटली, असं पुण्यात सांगितलं तर लोक हसतील. दोन हजार सहा-सातची गोष्ट. नवरा दिवसभर ऑफिसात, मला मनासारखी नोकरी मिळत नव्हती, आणि पुण्याच्या फिल्म सोसायटीत दहा वर्षं काढल्यामुळे अंगात भरपूर शहाणपण मुरलेलं. ते कुणावर तरी पाजळायला हवं होतं. ती कुणीतरी मला शेजारच्याच फ्लॅटमध्ये सापडली.

ती नर्स होती. कारवारच्या खाली, अगदी वाळूला लागून असलेल्या गावातली. घरात कोंकणी, शाळा कन्नड, आणि मराठी नाटकं पाहून पाहून आलेलं स्वच्छ मराठी. आई लहानपणीच गेलेली. वडील सत्तरीला टेकले होते आणि अजून स्वतःच्या होडीनं मासे धरायला जात होते. छातीत कफ, गुडघे गेलेले, पण समुद्र सोडायचं नाव नाही. इथं सगळं मार्गी लागलं होतं, फक्त ही एक काळजी तिच्या मागे होती. हॉस्पिटलात फोन वाजला तरी आधी त्यांचंच काहीतरी असेल असं वाटतं, असं ती म्हणायची.

कुणी ना कुणी लंडनच्या टोकाला इल्फर्डला गेलं की आम्ही तिथल्या दुकानातून कन्नड डिस्क मागवायचो. मी इंग्लिश सबटायटल्सवर वेळ मारून न्यायची. शनिवारी ती नाइट संपवून यायची, दोन तास डोळा लावायची, आणि अकराच्या सुमाराला चहा घेऊन आम्ही माझ्या सोफ्यावर बसायचो. मी कॅमेऱ्याबद्दल बोलायची, ती गावाबद्दल. तिच्यापुढे माझी डाळ फारशी शिजत नसे.

ती निर्दय होती. नायक शहरातून पांढऱ्या पँटमध्ये यायचा आणि वाळूत चालूनही त्याची पँट पांढरीच राहायची, याचा तिला राग. कोळणींच्या टोपल्यांतले मासे दुपारीही ताजे दिसायचे. भर पावसाळ्यात होड्या समुद्रात जायच्या, तेव्हा ती उशीच फेकायची. त्या दिवसांत होड्या माडाच्या झापांखाली निजलेल्या असतात, हे कॅमेरामनला कुणी सांगत नाही का, असं विचारायची. नायक-नायिका बंगलोरचं कन्नड बोलायचे आणि किनाऱ्याचं कन्नड फक्त विनोदी नोकराच्या तोंडी, ते तर तिला लागायचंच. वादळाआधी व्हायोलिनं वाजायला लागली की ती म्हणायची, आमच्याकडची माणसं बुडाली ती स्वच्छ उन्हात, संगीत वगैरे काही नव्हतं.

पण मनापासून दादही तीच द्यायची. एका सिनेमात घरातल्या प्रत्येक प्रसंगात लाटांचा आवाज येत होता. मी म्हटलं, ध्वनिमुद्रण गचाळ आहे. ती म्हणाली, हेच तर बरोबर आहे, आमच्या घरात समुद्राच्या वरच बोलावं लागतं. कौलांतून पडणारा उजेड, होडीची वाट बघताना बायकांनी भलतंच काहीतरी बोलत राहणं, विहिरीवरचं भांडण चार घरं पलीकडे ऐकू जाणं, हे त्या सिनेमांना जमायचं. गोष्ट फसली तरी घरं खरी असतात, असं तिचं मत होतं.

नोव्हेंबरात एक नवी डिस्क आली. मोठे नट नसलेला, गावातलीच माणसं घेऊन काढलेला सिनेमा. ती ड्यूटीवर होती म्हणून मी एकटीनंच आधी पाहिला आणि भारावून गेले. वाळीत टाकलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. शेवटी गाव त्यांची होडी जाळतं. मशाल हातात घेऊन एक म्हातारा पुढे येतो, होडीला हात लावून तो कपाळाला लावतो, आणि मग पेटवतो. मी तिला शेवट सांगितला नाही, पण टीका केल्याशिवाय राहवलं नाही. सगळा सिनेमा संयमानं केलाय, म्हटलं, फक्त अखेरीला एका म्हाताऱ्याकडून नमस्कार करवून दिग्दर्शकानं उगीच गळा काढलाय.

शनिवारी आम्ही बसलो. बाहेर ढग इतके खाली आले होते की अकरा वाजता दिवा लावावा लागला. विसाव्या मिनिटाला वाळूवर ओढलेली होडी दिसली आणि ती ताडकन उठून टीव्हीपाशी गेली.

"ही आमची होडी आहे," ती म्हणाली.

डाव्या अंगाला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. आठवीत असताना तो तिनंच ठोकला होता, खिळे वाकडे गेले म्हणून बाबा हसले होते. ती इतकी खूश झाली की मला बघवेना. हे गाव खाडीपलीकडचं, शूटिंगला भाड्यानं दिली असणार, बाबा एका शब्दानं बोलले नाहीत, किती लबाड आहेत, असं बोलत ती परत येऊन बसली आणि पाय वर घेतले.

पुढे काय होणार ते मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. मी स्वतःला समजावलं की सिनेमावाले खरी होडी जाळत नाहीत, तशीच दुसरी बनवतात. तरीही विचारलं, तुमच्याकडे जुन्या होड्यांचं काय करतात? सुरूच्या झाडांखाली ठेवून देतात, ती म्हणाली, वाळवी खाईल तेव्हा खाईल. तिची एक फळीसुद्धा चुलीत घालत नाहीत. घरातलं माणूस असतं ते.

मी म्हटलं, तू दमली असशील, उरलेला उद्या बघू. नको म्हणाली. चहा टाकते म्हटलं, तर तिनं हात धरून खाली बसवलं. होडी पडद्यावर आली की ती मला कोपरानं ढोसायची. रिमोट माझ्याच मांडीवर होता. टीव्ही बंद करून सगळं सांगून टाकायला मला दीड तास मिळाला, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. भित्रेपणा होता. आणि खरं सांगायचं तर ते दृश्य बघताना तिचा चेहरा कसा होतो हे बघायची एक घाणेरडी उत्सुकताही होती. त्याची मला आजही लाज वाटते.

शेवट आला. माणसं गोळा झाली, कॅमेरा होडीजवळ गेला. पत्रा दिसत होता, वाकडे खिळेसुद्धा. मग मशाल घेतलेला तो म्हातारा आला. त्यानं होडीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि तसाच क्षणभर उभा राहिला.

ती अगदी हळू म्हणाली, "हे दिग्दर्शकानं नाही सांगितलेलं. ते माझे बाबा आहेत."

होडी बराच वेळ जळत राहिली. तेल मुरलेलं लाकूड ते, भरभर पेटलं. तिनं डोळे मिटले नाहीत, रडलीही नाही. नावं वर सरकू लागली तेव्हा तिनं डिस्कचं कव्हर मागून घेतलं आणि त्यावरचं वर्ष वाचलं. गेल्या वर्षीचा, म्हणजे ती इकडे आली त्याच वर्षीचा सिनेमा. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती बंगलोरला नोकरीत होती, गावी न जाता तिथूनच इकडे आली; तेव्हा तिचं इकडे यायचं पैशांवाचून एजंटकडे अडून बसलं होतं आणि एकाएकी सुटलं होतं, एवढंच ती बोलली. बाबा तेव्हा म्हणाले होते, तू त्यात डोकं घालू नकोस.

म्हणजे जवळजवळ दोन वर्षं तिच्या वडिलांकडे होडीच नव्हती. आणि दर आठवड्याला ते फोनवर तिला सांगत होते की आज पहाटे निघालो, आज वारा पडला, आज जाळं फाटलं.

मी निघून जाऊ का, असं विचारलं. थांब म्हणाली. कॉलिंग कार्डाचा नंबर दोनदा चुकला, म्हणून तिनं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि एकेक आकडा दाबला. तिकडे तिन्हीसांजा होऊन गेल्या होत्या. वडिलांचा आवाज आला, मागे समुद्राचा. कोंकणी मला बरीचशी कळत होती.

जेवलात का, खोकला कसा आहे, हे झालं. आवाज अजिबात न हलू देता तिनं विचारलं, होडी कशी आहे?

"बरी आहे गो बाय," ते म्हणाले. "परवाच तेल लावलं तिला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. ती फोनजवळ वाकली.

"उद्या वारा आहे म्हणतात. लांब जाऊ नका हां बाबा."

"नाही जात," ते म्हणाले. मग आज जाळ्यात काय काय लागलं ते ते सांगू लागले, आणि ती एकेका माशाबद्दल विचारत राहिली, केवढा होता, कुणाला दिला, घरी किती ठेवला.