चहावरची फुंकर

"चहा कधीचा थंडा झाला असंन. पोरगी फुंकूनच राह्यली."

मला बघायला आलेल्या मुलाची आत्या हे मला म्हणाली नव्हती. शेजारी बसलेल्या आपल्या भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, ती हळू आवाजात सांगत होती. पण आमची बैठकीची खोली लहान आहे, आणि मान खाली घालून बसलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं. मुलाचे वडील हसले. म्हणाले, "यवतमाळले शिकली ना. गरम पेत नसंन."

चहा खरंच थंड झाला होता. वर साय धरली होती. मी फुंकत होते, पण चहासाठी नाही.

ही फुंकर मला यवतमाळच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवली होती. छातीच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठवलं होतं. मॅडमनी स्वतःचं बोट माझ्या तोंडासमोर उभं धरलं आणि म्हणाल्या, ही मेणबत्ती समज. नाकातून श्वास घे, पोट फुगू दे, मग ओठांचा चंबू करून हळूहळू सोड. ज्योत वाकली पाहिजे, विझली नाही पाहिजे. मी पहिल्यांदा फुंकले ते वाढदिवसाच्या केकवर फुंकतात तसं. त्या म्हणाल्या, विझली. परत.

मला दमा आहे आणि मला भीतीही वाटते. दमा लागला की घाबरायला होतं, आणि घाबरलं की श्वास भराभर होऊन दमा लागल्यासारखंच वाटतं. आधी काय आलं ते ओळखायला शिक, असं मॅडम म्हणायच्या. माझी बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, ओठ बधिर होतात, ती भीती. श्वास आत जातो पण बाहेर निघत नाही, आणि छातीत बारीक शिट्टी वाजते, तो दमा. भीतीला हा व्यायाम पुष्कळदा पुरतो. दम्याला आधी इनहेलरचा पंप, व्यायाम त्याच्यासोबत. आणि काय आहे ते कळेनासं झालं, तर पंपच.

आई तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. मॅडमनी करायला लावलं तेव्हा तिनंही माझ्यासोबत पोटावर हात ठेवून फुंकून पाहिलं होतं. दारव्ह्याला परतताना जीपमध्ये ती खुशीत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "आता व्यायाम करत जाय. पंपाची सवय नको." पंपाची सवय लागते, हे तिला गल्लीतल्या बायकांनी सांगितलं होतं आणि ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खिडकीकडे बघत मी मनात वाक्य तयार करत होते, की मॅडम असं म्हणाल्या नाहीत. माझं वाक्य आधी इंग्रजीत असतं. मग मी ते मराठीत आणते, मग ते उद्धट वाटेल का ते तपासते, आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं. जीपमध्येही तसंच झालं. आई तोवर सोयाबीनच्या भावावर पोचली होती.

पाहुणे दिग्रसहून येणार हे ठरलं तेव्हा बैठकीच्या खोलीत कापूस होता. आमच्याकडे वेचणी झाली की चांगला भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. ढीग वाढत जातो आणि माणसं मागच्या खोल्यांत सरकत जातात. बाबांनी आदल्या दिवशी माणसं लावून तो सगळा ढीग बाजूच्या खोलीत हलवला. मला त्या वेळी शेजारी पाठवलं होतं. परत आले तेव्हा फरशी ओली होती, पडदे बदललेले होते, आणि बाजूच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं.

सकाळी आईनं माझ्या टेबलावरचा निळा पंप उचलला.

"बाया घर पाहाले आल्या का कपाटंबी उघडतात," ती म्हणाली. "कापसाच्या खोलीत खिडकीवर ठेवतो. तिकडं कोणी जात नाही."

तिकडे मलाही जाता येत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. कापसाच्या खोलीत मी दोन मिनिटं थांबले तरी रात्र बसून काढते, आणि हे आईला माझ्याइतकंच माहीत आहे, कारण त्या रात्री तीही बसलेली असते. पण सकाळपासून ती इतकी धावपळ करत होती, पोहे, साडी, कपबशा, की तिच्या डोक्यात पंप ही फक्त लपवायची वस्तू झाली होती. मी हो म्हटलं. निदान नाही म्हटलं नाही.

पाहुणे आले. मुलानं मला विचारलं, सध्या काय करता. मी म्हटलं, बँकेच्या परीक्षांची तयारी. एवढं बोलून झाल्यावर माझी बोटं मुंग्यांनी भरून गेली. मला कळलं, ही भीती. तेवढ्यात चहा आला, आणि कपाच्या आड मला जागा सापडली. चहा फुंकणाऱ्या मुलीला कोणी काही विचारत नाही. नाकातून घेतला, पोट, मग ज्योत वाकवली. परत. हळूहळू बोटं माझी झाली. मला आजूबाजूचं दिसायला लागलं. मुलाच्या शर्टवर खोक्यातल्या घड्या तशाच होत्या. एक बिस्कीट तो बराच वेळ बोटांत फिरवत होता, खात नव्हता. मला त्याच्याबद्दल जरा बरं वाटलं.

याच सुमारास आत्या चहाबद्दल बोलली. आणि लगेच मुलाचे वडील बाबांना सांगू लागले, "आमच्या घरामांगंच जिनिंग हाये. सीझनमंदी रुई उडते थोडी, अंगणात पांढरं होऊन जाते. पण घर मोठं हाये, पोरीले कायचीच कमी नाही."

मी आईकडे पाहिलं. आईनं पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. कापसाच्या तंतूंनी पांढरं झालेलं ते अंगण मला दिसलं. त्यात मी, आणि पंप कुठल्यातरी दाराआड, रोज.

आत्या उठली. "चाल वो माय, घर दाखव." आई तिला स्वयंपाकघर, देवघर, माझी खोली दाखवत गेली. मग त्या दोघी बाजूच्या दाराशी आल्या.

"तिकडं काही नाही, कापूस हाये," आई म्हणाली. "नुसती धूळ."

"मंग तेच तर पाहाचं हाये," आत्या म्हणाली. "पोरगी काय, पाहून झाली."

सगळे हसले. दार उघडलं. आत्या मूठभर कापूस घेऊन आली, उभ्या उभ्याच दोन्ही चिमटींत धरून ओढून पाहू लागली. "धागा लांब हाये भाऊ," ती म्हणाली, आणि बाबा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलू लागले. कोणत्या वावरातला, कितव्या वेचणीचा. आत्यानं तो पुंजका माझ्या मांडीवर ठेवला.

"नुसती फुंकत काय बसली? घे, वाती वळ."

तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. तिला मला हसवायचं होतं. कापसात वाळलेल्या पानाचा चुरा होता. तो माझ्या साडीवर सांडला, आणि दार उघडंच होतं.

मी परत कप उचलला. नाकातून घेतला, पोट, ओठ. ज्योत वाकेना. श्वास आत जाऊन तिथंच बसला. त्यावर दुसरा बसला. मी फुंकत राहिले, कारण मला तेवढंच शिकून ठेवल्यासारखं वाटत होतं. बोटं मात्र ठीक होती. बोटांत काहीच होत नव्हतं. मग शिट्टी सुरू झाली.

आई कापसाच्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघून ओठांचा चंबू केला. पाहुण्यांच्या मागे उभी राहून ती फुंकत होती, हळू, मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसं, आणि एक हात पोटावर होता. तिचे डोळे भरले होते. पंप तिच्यापासून चार पावलांवर असेल. तो आणायचा तर सगळ्यांसमोरून आणावा लागणार होता.

"त्यांना काही होतंय का?" मुलानं विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "लाजून राह्यली."

"लाजाले आवाज येते काय वो?" आत्या म्हणाली. आता ती हसत नव्हती.

बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मी मनात वाक्य शोधायला गेले, आणि ते तयार होतं. मला वाटतं ते सकाळपासूनच तयार होतं. तपासायला श्वास नव्हता. मी कप खाली ठेवला, मांडीवरचा कापूस टीपॉयवर ठेवला, आणि जेवढा आवाज निघाला तेवढ्यात म्हणाले,

"मले दमा हाये. माहा पंप त्या खोलीत हाये, खिडकीवर. मले तिथं जाता येत नाही. आई, आणून दे."