सयामी मांजरांच्या मार्फत

आमचे मामंजी माझ्याशी बोलत नसत. यात रागालोभाचा काही प्रश्न नव्हता. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचे नाही असा आमच्या घरचा रिवाज होता, आणि रिवाजाच्या बाबतीत आमचे घर गिरगावात कोणाला हार जाणारे नव्हते. मामंजींना पाणी हवे असले की ते आत्याबाईंना सांगत, आत्याबाई मला सांगत, मी तांब्या भरून आत्याबाईंकडे देई, आणि मग तो मामंजींपर्यंत पोचे. एवढ्या वेळात तहान मरून जात असेल. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या विधवा बहीण. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घरात बायका आम्ही दोघीच. एक हुकूम सोडणारी आणि दुसरी मी. यजमान कॉलेजात होते आणि पुस्तकातून डोके वर काढत ते फक्त जेवायला. म्हणून या हकिकतीत ते फारसे यायचे नाहीत.

मुंबईत प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. मामंजी एका आगबोट कंपनीत हेडक्लार्क होते. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ते कचेरीतून आले ते वेताची करंडी घेऊन. करंडीत पांढरीशुभ्र दोन पिल्ले, दोन्ही माद्या, उंदरापेक्षा थोड्या मोठ्या. सयामहून आलेल्या बोटीवर कप्तानाची मांजरी व्याली आणि मेली. कप्तानाने पिल्ले मामंजींच्या साहेबाला दिली. साहेब प्रकृतीसाठी विलायतेला निघाला होता. त्याने, मी येईपर्यंत सांभाळा म्हणून, ती मामंजींच्या हवाली केली. यजमान बी.ए. झाले की त्यांना कचेरीत चिकटवून घेईन असे या साहेबाने तोंडी कबूल केले होते. अशा माणसाने करंडीत वाघ घालून दिला असता तरी मामंजींनी तो घरी आणला असता.

आत्याबाई म्हणजे सोवळ्यात असताना मांजराची शेपटी नुसती चाटून गेली तरी पुन्हा आंघोळ करणाऱ्या. पण करंडीत डोकावल्यावर त्या विरघळल्या. पिल्ले गोरी आणि डोळे निळे. आमच्या सासरी सगळेच गोरे आणि घारे. घरात सावळी तेवढी मी. आत्याबाई म्हणाल्या, पिल्ले आपल्याकडचीच दिसतात.

आपल्याकडच्या त्या पिल्लांना पाजायचे काम मात्र परक्या घरून आलेल्या माझ्याकडे आले. कापसाची वात दुधात बुडवायची आणि तोंडात धरायची, दिवसातून सात-आठ वेळा. महिन्याभरात त्यांनी ठरवून टाकले, की आपली आई हीच.

मांजर माझ्या माहेरी, दादरच्या वाडीतही होते. ते मनात आले तर यायचे आणि आपल्या शेपटीपलीकडे जगात कोणाला मोजायचे नाही. ही जात निराळी. मी उठले की दोघी उठत, मी मोरीवर गेले की दाराशी बसत. दाराला कडी घातली तर थोरली उडी मारून पंजाने कडी काढी. धाकटी जरा तिरळी आणि तिच्या शेपटीच्या टोकाला गाठ होती. ती शेपटी मीच दारात चेंगरली असे आत्याबाईंचे मत अखेरपर्यंत होते. मी पोळ्या लाटत असले की धाकटी माझ्या खांद्यावर चढून बसे आणि प्रत्येक पोळीकडे तिरळे बघे. मी दुसऱ्या कोणाकडे लक्ष दिलेले दोघींना खपत नसे. आणि दुसऱ्या कोणाच्या हातचे त्या खात नसत. महिन्याचे तीन दिवस मी बाजूला बसले की दोघी येऊन माझ्या मांडीवर बसत आणि तिथून थेट स्वयंपाकघरात जात. आत्याबाई घर डोक्यावर घेत. शेवटी भटजींना विचारले, तेव्हा मांजराला विटाळ नाही असा निर्णय मिळाला. भटजी शहाणे होते. त्यांच्या घरी चार मांजरे होती.

आणि आमच्या दोघींचा आवाज. तो मांजराचा नव्हेच; घसा बसलेल्या तान्ह्या मुलाचा. मी दिसेनाशी झाले की दोघी असा गळा काढत, की समोरच्या चाळीतल्या दोन बायका एकदा मुद्दाम विचारायला आल्या, तुमच्याकडे बाळंतपण कधी झाले आणि आम्हाला बारशाचे बोलावणे कसे नाही. थोरली तर बोलायचीच. तिच्यापुढे कोणी काही म्हटले आणि तिने उत्तर दिले नाही असे व्हायचे नाही. छोट्या प्रश्नाला छोटे उत्तर, मोठ्याला लांबलचक.

एका संध्याकाळी आत्याबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मामंजी कचेरीतून आले, घामाघूम झालेले, आणि गॅलरीजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांना पाणी हवे होते. ते मला आतून दिसत होते. मी तांब्या हातात घेऊन दाराआड उभी होते, हे त्यांना माहीत होते. पण मधली बाई कीर्तनात. अशी पाच मिनिटे गेली. तेवढ्यात थोरली त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि तोंडाकडे बघू लागली. मामंजी खाकरले.

"मने," ते म्हणाले, "घरात प्यायला पाणी आहे का ग?"

थोरलीने हो म्हटले. मी तांब्या नेऊन तिच्यापुढे ठेवला आणि आत पळाले.

तिथून आमचे बोलणे सुरू झाले. आज भाजी चांगली झाली होती, हे मनीला सांगितले जाई. मनीला मी सांगे, की आमटीत मीठ कमी पडले, रागावू नको. पुढे पुढे मामंजी तिला कचेरीतल्या गमती सांगू लागले. कोणत्या बोटीवरून काय आले, कोणता कारकून हिशेबात झोपला. वर्तमानपत्र तर ते तिला मोठ्याने वाचून दाखवत, आणि अवघड शब्द आला की थांबून तिला त्याचा अर्थ सांगत. मी धान्य निवडत दाराआड बसलेली असे. मला वाचता येत होते, पण त्या घरात ते कोणाला विचारावेसे वाटले नव्हते. सासरी आल्यापासून माझ्याशी कोणीतरी बोलते आहे असे मला पहिल्यांदा वाटले, आणि मी मामंजींवर फार माया करू लागले.

दिवाळीत पहिली शंका आली. थोरलीच्या कानांच्या कडा मळल्यासारख्या दिसू लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, चुलीची काजळी. शिकेकाईने न्हाऊ घातले. काजळी निघाली नाही, उलट नाकावर आली. मग रिठे झाले, मग मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. समोरच्या चाळीतल्या त्या दोन बायकांवर आत्याबाईंचा वहीम होता. दृष्ट काढली त्या आठवड्यात शेपटी काळवंडली, आणि मार्गशीर्षापर्यंत दोघींचे चारी पाय काजळात बुडवून काढल्यासारखे झाले. आता दोष द्यायला घरचेच माणूस लागत होते. आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, जिचे खाणार तिचा रंग घेणार. नशीब, मला पांढऱ्या पायाची म्हणाल्या नाहीत; तेवढे पांढरे घरात काही उरलेच नव्हते. रोज गार पाण्याची आंघोळ आणि मग ओल्या मोरीशेजारी बांधून ठेवणे, हा उपचार थंडीभर चालला. या जातीचा रंग गारव्याने गडद होतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आम्ही त्यांना धुऊन धुऊन काळे करत होतो.

त्याच मार्गशीर्षात माझे वडील मला न्यायला आले. ते परळच्या एका शाळेत मास्तर होते, घरी आम्ही चार बहिणी, आणि आता आईला मुलगा झाला होता. बारशाला मला न्यायचे होते. आत्याबाईंनी त्यांना गूळपाणी दिले आणि नाही म्हणून सांगितले. साहेबाची मांजरे हिच्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत; ती उपाशी मेली तर आमच्या मुलाच्या नोकरीचे काय? शिवाय त्यांचा रंग बिघडवला हिनेच. साहेबाला तोंड दाखवायला ही घरात हवी. मुलीच्या बापाने काय बोलायचे? वडिलांनी पागोटे नीट केले आणि ते निघाले. गिरगावापासून दादर ते काय लांब; पण मला ते काशीइतके झाले.

त्या संध्याकाळी मी थोरलीला मांडीवर घेतले आणि दाराआडून, मामंजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटले, "मने, मला माझा भाऊ बघायचाय ग. दुसरं काही नको मला."

थोरलीने लांबलचक उत्तर दिले. बाहेर वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. मग मामंजी म्हणाले, "मने, साहेब माघात येतोय. तो आला की दुसऱ्याच दिवशी तिला पाठवू."

माघात साहेबाचे पत्र आले, की चैत्रात येतो. चैत्रात आले, की ज्येष्ठात. मी साहेबाच्या प्रकृतीसाठी देवापुढे जितकी हात जोडून बसले, तितकी त्याची आईही बसली नसेल.

तो एकदाचा आला आषाढात, आणि निरोप आला की मांजरे न्यायला मी स्वतः घरी येतो. मामंजींनी इंग्रजीत माफीचे भाषण तयार केले आणि आठ दिवस थोरलीसमोर त्याची तालीम केली. तिला ते पटलेले दिसले नाही. आत्याबाईंचा भाषणावर विश्वास नव्हता. साहेबाची गाडी आमच्या चाळीपुढे उभी राहिली, तशी त्यांनी तांदळाची पिठी काढली आणि दोघींना कानापासून शेपटीपर्यंत चोळून काढले.

साहेब भिजत वर आला. काळा कोट ओलाचिंब. मामंजींनी भाषणाचे पहिले वाक्य म्हटले मात्र, धाकटीला शिंक आली. मग थोरलीला. मग दोघींनी अंग झाडले, आणि साहेबाच्या ओल्या कोटावर पिठीचे घावन घातल्यासारखे झाले. मामंजी तिथेच थांबले. मी दाराआड डोळे मिटून घेतले; भावाचे तोंड आता काही दिसत नाही असे मला वाटले.

साहेब हसत होता. त्याने खिशातल्या रुमालाने थोरलीचे नाक पुसले, काळे नाक पाहिले आणि मामंजींच्या पाठीवर थाप मारली. या मांजरांची पिल्ले पांढरीच जन्मतात, तो म्हणाला. कान, नाक, पाय, शेपटी मागाहून काळी होतात, आणि जितकी काळी तितकी ती चांगली. इतकी सुंदर त्याने पाहिली नव्हती. मामंजींनी हे मराठीत सांगितले. "मग आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला," आत्याबाई साहेबाकडे बघत म्हणाल्या. साहेबाने मान लववून त्यांचे आभार मानले.

करंडी जिन्यावरून खाली गेली. दोघी जो टाहो फोडत होत्या, तो गाडी वळेपर्यंत ऐकू येत होता. ज्या माणसाच्या येण्याकडे मी सात महिने डोळे लावून बसले होते, त्याला मी त्या वेळी मनातून नाही नाही ते बोलले, आणि चुलीपुढे बसून खूप रडले.

दुसऱ्या दिवशी मामंजी कचेरीतून आले. आत्याबाई कीर्तनाला. घर कसे मुके झाले होते. मामंजी खुर्चीवर बसले, समोरच्या रिकाम्या फरशीकडे त्यांनी पाहिले, वर्तमानपत्र उघडले, मिटले. दोनदा खाकरले.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्या सकाळी गाडी सांगितली आहे. दादरला महिनाभर राहून ये."

उत्तर द्यायला मी मांजर शोधू लागले. मग मीच "हो" म्हटले. आवाज असा फुटला, की थोरलीला शोभला असता.

भाऊ सात महिन्यांचा झाला होता आणि मला बघून त्याने भोकाड पसरले. दोन दिवसांत मात्र तो माझ्या खांद्यावरून उतरेना. त्याला पोटाशी धरून मी किती फिरले असेन त्याला गणती नाही. पण आठव्या दिवशी मी आईला म्हटले, उद्या मला पोचवा. आई घाबरली, सासरी काही बिनसले का म्हणून खोदून खोदून विचारू लागली. तिला काय सांगणार? की तिकडे एक म्हातारा माणूस संध्याकाळी खुर्चीवर बसतो आणि त्याला बोलायला कोणी नाही?

मी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. दारात आत्याबाई, आठच दिवसांत परत आलेली सून बघून तोंडाला पदर लावून उभ्या. मामंजी खुर्चीवर. त्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि बहिणीच्या देखत, सरळ माझ्याकडे बघून विचारले, "आलीस? भावाला दात आले का?"

"दोन आलेत," मी म्हटले, "खालचे."