ट्रॅक्टरची मान

कल्याणहून आलेल्या त्या फिटरचं नाव आम्ही विचारलंच नाही. खडवलीच्या आमच्या शेतात वालाची पेरणी खोळंबलेली, जमिनीतली ओल उडत चाललेली, आणि वडिलांनी हौसेनं घेतलेला जुना ट्रॅक्टर उभ्या जागी कधी गुरगुरायचा, कधी एकदम किंचाळायचा.

आल्या आल्या त्यानं इंजिनावरचा झेंडूचा हार सोडून कुंपणावर ठेवला. मग दुपारपर्यंत एकेक भाग खोलला, हुंगला, रॉकेलनं धुतला. दोष सापडेना. कपाळावर मनगट घासत तो स्वतःशीच म्हणायचा, "असं कसं रे?" सगळं जोडून चालू केलं, तर आवाज सुरळीत, एकसारखा. त्याला ते पटेचना.

आईनं खूश होऊन हार पुन्हा बांधला. ट्रॅक्टर पुन्हा किंचाळला.

फिटर बघतच राहिला. इंजिनाचा वेग सांभाळणारी बारीक दांडी हाराच्या दोरीत अडकत होती.

"काकू, हा इथं का बांधला?"

"पाडव्याला बैलांच्या गळ्यात घालतो, मग यानं काय पाप केलंय? याची मान मला हीच वाटली."

"मान हीच आहे, काकू. म्हणून तर गुदमरतोय."

पूजेचा हार टाकवेना, म्हणून आईनं तो फिटरच्याच गळ्यात घातला.

बांधावरून स्टेशनाकडे जाताना तो मधेच थांबायचा, हाराला हात लावायचा, पुन्हा चालू लागायचा. त्याच्यासारख्याच्या गळ्यात हार पडतो तो लग्नात, नाहीतर थेट शेवटी. मधेच, कामाच्या दिवशी पडला, तर त्याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.